चमचाभर साखर, सपाट

यांना मधुमेह निघाला तेव्हा आम्ही सिल्वासात नवे होतो. हे राखोलीच्या एका सूत कारखान्यात सुपरवायझर, सासूबाई धुळ्याहून आमच्याकडे राहायला आलेल्या, आणि मी मायलेकांच्या मध्ये. डॉक्टर आधी म्हणाले, साखर बंद. त्यावर यांनी असा चेहरा केला की डॉक्टरांनाच दया आली. म्हणाले, "बरं, दिवसाला दहा ग्रॅम. वर एक दाणा नको."

दहा ग्रॅम म्हणजे किती? माझ्या घरात ग्रॅम नव्हते, चमचे होते. चहाचा चमचा घेऊन मी वाण्याकडे गेले. "बेन, पचास ग्रामथी नानुं वजन नथी," तो म्हणाला. मग त्याने पन्नास ग्रॅम साखर तोलून कागदावर ओतली आणि मी त्याच्या फळीवरच ती मोजायला घेतली. गिऱ्हाइकं बघत होती. बघेनात का. बोटाने सपाट केलेले बरोबर दहा चमचे भरले. म्हणजे यांना दिवसाला दोन. तीच साखर घरी सासूबाईंना मोजायला दिली, तर सहाव्या चमच्यालाच संपली.

कारण त्या चमचा भरत तो शिगेने, वर ढीग करून. त्यांच्या घरी मापाला शीग हवीच, मग धान्य असो की उसनी साखर. सपाट माप दिलं की हात आखडला म्हणायचे. मी त्यांना दोन चमच्यांचा हिशेब समजावला. त्यांनी मान डोलावली, चमचा सपाट केला, कपात टाकला, आणि वरून डब्यातली एक चिमूट सोडली.

"मना पोरले असं मोजीसन देऊ?" त्या पुटपुटल्या. आवाजात भांडण नव्हतं, म्हणून मलाही भांडता येईना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

यांना सांगावं तर म्हणत, "अगं, चिमटीनं काय होतंय?" कारखान्यात चहा साखर घालूनच येई, आणि कोणी पुढे केलेला कप नाकारणं यांच्या रक्तात नव्हतं. मी घरात दाणे मोजायचे आणि बाहेर पोत्याचं तोंड उघडं. एकदा संतापून मी डबाच कपाटात कुलूपबंद केला. सासूबाई शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी घेऊन आल्या, आणि ती परत करताना शीग मलाच भरावी लागली.

काही वर्षांनी यांच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायला लागले. वापीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की साखरेने डोळ्याचा पडदा खराब केलाय. उपचार झाले, तरी नजर अंधुक होत गेली. आधी पेपर वाचणं सुटलं, मग नोकरी.

सासूबाई तेव्हापासून बदलल्या. कोणी काही म्हटलं नव्हतं. सुरीच्या पाठीने चमचा सपाट करायच्या, कडेला चिकटलेले दाणेही झटकायच्या, आणि यांना चमचा दिसत नसे म्हणून यांचं बोट धरून त्यावरून फिरवायच्या. त्यांना असं करताना पाहिलं की मला रडू येई, आणि रागही येई. राग कोणावर ते ठरवता येत नसे.

एका सकाळी बोट फिरवून झाल्यावर हे शांतपणे म्हणाले, "माय, आता काय दिसायचं ते दिसून झालं. आज थोडी शीग राहू दे."

सासूबाईंचा हात कपावर तसाच थांबला. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. किती घालू, हे त्यांनी मला एकदा तरी विचारावं म्हणून मी इतकी वर्षं झुरत होते. आता त्या विचारत होत्या, आणि मला हो म्हणता येईना की नाही.