काठोकाठ भरलेला फीडर

मला पक्ष्यांचं काडीचंही वेड नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरातले फिंच सासऱ्यांचे. त्यांना मी अण्णा म्हणते. मूळचे सायखेड्याचे. ओझरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून त्यांनी उभी हयात काढली. रिटायर झाल्यावर लोक देवधर्माला लागतात, हे चिमणीहूनही लहान अशा या पक्ष्यांच्या नादी लागले. लाल चोचीच्या दोन जोड्या, गॅलरीत मोठा पिंजरा आणि दिवसभर जत्रेतली पिपाणी वाजावी तसं टीं टीं.

मग काचबिंदू आला. आता अण्णांना उजेड कळतो, समोर कुणी हललं तर कळतं, तेवढंच. आम्ही एकेक गोष्ट त्यांच्याकडून काढून घेत गेलो. आधी स्कूटर गेली. मग गॅसजवळ जायचं नाही, मग दूध आणायला खाली उतरायचं नाही. सगळं त्यांच्या भल्यासाठी, आणि बहुतेक वेळा माझ्याच तोंडून. शेवटी त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं. रोज सकाळी पत्र्याच्या डब्यातून मूठभर राळे काढून पक्ष्यांच्या वाटीत घालायचे. भोगीला आपण ज्यांचा भात करतो तेच राळे. दुकानदार त्यांना कंगनी म्हणतात.

तेही काम मी घेतलं. राळे सांडायचे, मुंग्या यायच्या, मुंग्यांची रांग गॅलरीतून थेट माझ्या ओट्यापर्यंत. एका सकाळी शाळेत निघायच्या घाईत साखरेच्या डब्यात मुंग्या बघितल्या आणि माझा पारा चढला. शाळा सुटल्यावर तडक शालिमारजवळच्या पक्ष्यांच्या दुकानात गेले.

"भाभी, हा घ्या," दुकानदार म्हणाला. "वरून नळी भरून ठेवायची, खाली आपोआप दाणा उतरतो. आठ दिवस बघायलाच नको."

आठ दिवस बघायलाच नको! मला आणखी काय हवं होतं? पारदर्शक उभी नळी, खाली छोटा कप. घरी आणून नळी काठोकाठ भरली. अण्णांनी हात पुढे केला म्हणून तो फीडर त्यांच्या हातात दिला. त्यांनी कपाच्या तोंडावरून अंगठा फिरवला, करंगळी आत घालून बघितली.

"तोंड लय अरुंद हाय," म्हणाले. "तळाला बोट जात नाय."

"बोट कशाला घालायचंय त्यात? आता तुम्ही नुसतं बसा अण्णा. मी बघते सगळं."

नुसतं बसा. मी असंच म्हणाले होते, आणि मोठ्यानं म्हणाले होते. अण्णांनी फीडर माझ्या हातात दिला. खुर्चीशेजारचा राळ्यांचा डबा उचलला, चाचपडत स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावर ठेवून आले. त्यानंतर त्यांनी पक्ष्यांचं नाव काढलं नाही.

तेव्हा एका जोडीच्या घरट्याच्या मडक्यात नुकतीच तीन पिल्लं निघाली होती. मी गणिताची बाई, नळीवर स्केचपेननं खुणा केल्या. रोज सकाळी जाता जाता एक नजर टाकायची. चार दिवस दाणे खाली उतरत गेले, मी पुन्हा नळी भरली. पाचव्या दिवशी पातळी जिथल्या तिथे. सहाव्या दिवशीही तीच. नवऱ्याला मी ऐटीत म्हणालेसुद्धा, "बघितलंस? पूर्वी निम्मं सांडतच होतं. आता कसं पुरतंय!"

सातवा दिवस रविवार होता. मी पोहे परतत होते, तेवढ्यात गॅलरीतून हाक आली. "सूनबाई, पिल्लांचा आवाज बसलाय."

"झोपली असतील."

"भुकेली पिल्लं सकाळच्या पारी झोपत नसतेत. नर बी वरडत नाय. कालपासनं."

मी उलथनं हातात घेऊनच बाहेर आले. "अहो, नळी काठोकाठ भरलीय. मला दिसतंय ना!"

"तुला दिसतंय," अण्णा म्हणाले. "मला हात घालू दे."

आवाज चढवला नव्हता, पण खुर्चीतून उठून उभे राहिले होते. मी चिडतच फीडर काढून त्यांच्या हातात आपटला. त्यांनी खालच्या कपात बोट दाबून घातलं, जेवढं निघालं तेवढं तळहातावर काढलं. भुरकट दाण्यांचा छोटा ढीग. मला तर दाणेच दिसत होते. अण्णांनी तळहात तोंडाशी नेला आणि हलकेच फुंकर घातली.

सगळं उडालं. हातावर एक दाणा राहिला नाही.

"फोल हाय गं," ते म्हणाले. "सगळं फोल."

फिंच राळ्याचा एकेक दाणा चोचीत सोलतो, आतला गर खातो आणि फोल तिथेच टाकतो. लांबून दाणा आणि फोल सारखंच दिसतं. ती फोलं कपात साचत गेली, अरुंद तोंड बुजलं आणि वरचे दाणे नळीतच अडकले. नळी भरलेली होती, कारण खाली काही उतरतच नव्हतं. आणि मी स्केचपेनच्या खुणा बघून खूश होत होते. कपाळ माझं!

"ताटली आण. पसरट. आणि डबा," अण्णा म्हणाले. मी धावले. त्यांनी ताटलीत राळे पसरले, पिंजऱ्याचं दार हातानंच शोधून ती आत सरकवली. चारही पक्षी खाली उतरले. दांडगा नर दुसऱ्या जोडीला चोच मारून हाकलायला लागला, तर अण्णांना ते नुसत्या फडफडीवरून कळलं. "दुसरी ताटली आण, त्या कोपऱ्यात ठेवायची." मी आणली. मग त्यांनी मडक्याला कान लावला आणि मला हातानं गप्प बसायची खूण केली.

पोहे करपले.

दुपारी मडक्यातून बारीक चिरचिर ऐकू आली. अण्णा म्हणाले, "दोन हायेत." मी आत बघितलं. दोनच माना वर करत होती. तिसरं मेलं होतं. मी चांगली पन्नाशीची बाई, गॅलरीत फरशीवर बसून हमसून हमसून रडले. अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "कारखान्यात आमच्याकडं नुसतं बघून जॉब पास करत नव्हते."

नवरा म्हणाला, "दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं." त्याच्यावर मात्र मी खेकसले.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली आणि अण्णांना रिक्षात घालून त्याच दुकानात नेलं. दुकानदारानं सवयीनं माझ्याशीच बोलायला सुरुवात केली. मी म्हटलं, "यांना दाखवा. फीडर यांना घ्यायचाय."

आणि मग जे बघितलं, ते मी आयुष्यात विसरणार नाही. अण्णांनी एकेक फीडर हातात घेतला आणि कडेवरून अंगठा फिरवला, सावकाश, एक पूर्ण फेरा. पहिली पत्र्याची वाटी लगेच परत. "बर हाय याला." पत्रा कापल्यावर कडेला जी बारीक धार राहते, तिला फिटर लोक बर म्हणतात. मी बघितलं, मला काहीच दिसेना. दुकानदारानं बोट फिरवलं आणि झटकन मागं घेतलं. "पक्ष्याचा पाय चिरंल," अण्णा म्हणाले. दुसरा प्लास्टिकचा, त्याचा हूक त्यांनी दोन बोटांत जरासा वाकवला, "महिन्यात तुटंल." तिसऱ्याला बारीक भोकं होती, "पुन्हा तेच." चौथा इतका खोल, की फोलाखालचा दाणा पक्ष्याला मिळायचाच नाही. आम्ही डोळसांनी वर्षभर वापरूनही जे कळलं नसतं, ते या माणसाला अंगठ्याच्या एका फेऱ्यात कळत होतं. माझ्या घरात एवढं मोठं कसब बसलेलं होतं, आणि मी त्याला खुर्चीत बसवून ठेवलं होतं.

दुकानदार आता काका, काका करत माळ्यावरचे खोके उतरवायला लागला. शेवटी तळातून चिनीमातीच्या उथळ वाट्या निघाल्या. जड, गुळगुळीत, बसक्या. अण्णांनी तळाला बोट टेकवलं, कड चाचपली, वाटी काउंटरवर ठेवून टिचकीनं उलटते का ते बघितलं. उलटली नाही.

"पास," म्हणाले. "दोन द्या. दोन जोड्या हायेत."

घरी आल्यावर ओट्यावरचा राळ्यांचा डबा घेऊन गॅलरीत गेले आणि त्यांच्यापुढे धरला.

"अण्णा, हा तुमचा."

त्यांनी हात पुढे केला नाही. "मला नुसतं बसायला सांगितलंय," म्हणाले. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, पण डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही.

"चुकले हो अण्णा. मोठी चूक झाली माझी."

त्यांनी नवी वाटी चाचपून पुढ्यात ओढली. मग म्हणाले, "डोळे मीट. घाल बोट." आणि त्यांनी माझं बोट नव्या वाटीत टेकवलं, तिच्यात थोडे राळे सोडले, वर ताटलीतली थोडी फोलं सोडली. "आता सांग."

मला दोन्ही सारखंच लागलं. तसं सांगितलं.

"नापास," अण्णा म्हणाले, आणि माझ्या हातातला डबा काढून घेऊन खुर्चीशेजारी त्याच्या जागेवर ठेवला. "हे काम तुला नाय जमायचं सूनबाई. तू नुसतं बस."