पांगच्या धुराड्यातली गोम

पांगला कुणी सांगितलं असतं ना, की बाबा रे, तुझ्या टोपीवर कावळा बसलाय, तर तो म्हणाला असता, "बसू दे. मीच बोलावलाय." असा माणूस! युशूतुन गावात जन्मला, तिथंच खेचरांची गाडी हाकता हाकता म्हातारा झाला, पण 'माझं चुकलं' हे शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. एकदा बर्फात रस्ता चुकून त्यानं गाडी भलत्याच गावात नेली, तर तिथल्याच लोकांना दरडावून विचारलं, "तुम्ही इथं कधी राहायला आलात?"

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक लग्न होऊन हार्बिनला गेलेली. खेचरंही विकून टाकली. मग बोलायला उरलं कोण? तर कुंपणापलीकडची कुआंग वहिनी. तिचा नवरा गाडीवर पांगचा जोडीदार होता, तोही बिचारा गेला. हिवाळ्यातल्या संध्याकाळी पांग तिच्या कांगवर जाऊन बसायचा. कांग म्हणजे चुलीचा धूर खालून फिरवून तापवलेला विटांचा ओटा. आमच्याकडे माणूस त्यावरच जेवतो, झोपतो आणि भांडतो. वहिनी आंबवलेला कोबी भरून करंज्या उकडायची आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. पांग करंज्या खात मधूनमधून "हं" म्हणायचा. तेवढ्यावर त्या माणसाचा अख्खा हिवाळा निघायचा. ते घर बंद झालं असतं, तर पांगनं जायचं कुठं? खेचरंसुद्धा नव्हती की त्यांच्याशी बोलावं.

या वहिनीला एक विद्या अवगत होती. सकाळी अंगणात उभी राहून ती गावातली धुराडी वाचायची. कुणाचा धूर उशिरा निघाला, म्हणजे त्या घरात रात्री भांडण झालं. कुणाचा पिवळट निघाला, म्हणजे मक्याची धाटं ओली. आणि धूर वर न जाता छपरावरनं खाली घरंगळायला लागला, की हिनं कुंपणावरनंच हाक मारलीच म्हणून समजा: "अगं ए, धुराडं तुंबलंय तुमचं! आज ते साफ करता, की मी झाडू घेऊन येऊ?" लोक वैतागायचे, पण साफ करायचे. आमच्याकडे धूर उलटा फिरला तर माणूस झोपेतल्या झोपेतच आटोपतो, हे सगळ्यांना ठाऊक.

आता या वहिनीचा एक हंस होता. दाबाय त्याचं नाव. हंस म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर मोती, मानससरोवर आणि नीरक्षीरविवेक येत असेल, तर ते सगळं बाजूला ठेवा. दाबायला विवेक म्हणून नव्हता. समोर पोटरी दिसली की तो तोडायचा, आणि त्यातही पांगची पोटरी त्याला फार आवडायची. वहिनीचा मात्र भारी जीव त्याच्यावर. "माझं लेकरू ते," म्हणायची.

त्या शरदात, कोबी काढायच्या दिवसांत, पांग आपलं धुराडं साफ करायला बसला होता. घराच्या बाजूला खांबासारखं उभं धुराडं, त्याच्या पायथ्याशी काजळी काढायचं भोक. भोकाची वीट काढून ठेवलेली, हात कोपरापर्यंत काळे, आणि त्याच वेळी मागनं दाबाय आला. यानं चावा घेतला तो पोटरीला नाही, त्याच्या बराच वर. पांग उडाला आणि हाताला लागलं ते लाकूड त्यानं फेकून मारलं. साऱ्या जन्मात या माणसाचा नेम कधी लागला नव्हता. नेमका त्या दिवशी लागला!

आता काय करायचं? मेलेला हंस काही जिवंत होत नाही, आणि चांगलं मांस टाकून देणं हे पाप. असा सरळ विचार करून पांगनं तो बटाट्यांबरोबर मोठ्या कढईत शिजवला. पहिलं वाडगं संपलं, पिसं आणि हाडं एका पोत्यात भरून तो मागच्या अंगणात आला, कुठं पुरावं म्हणून बघतोय, तोच पलीकडनं हाक आली, "दाबाय! ये रे माझ्या राजा!" त्यानं पोतं कोंबलं ते समोरच्या धुराड्याच्या भोकात. वर वीट ठोकली, चिखलानं लिंपून टाकलं आणि तो बुरुजावरच्या शिपायासारखा तिथंच ताठ उभा राहिला.

"भाऊजी, दाबाय दिसला का हो?"

"नाही बुवा."

वहिनीनं नाक वर करून हवा हुंगली. "बटाटे टाकलेत वाटतं?"

"हो."

"नुसतेच?"

"नुसतेच."

"बरं," वहिनी म्हणाली आणि गेली. पुढं आठवडाभर ती त्या हंसाला नेणाऱ्या कोल्ह्याला मोठमोठ्यानं शिव्या देत होती. कोल्ह्याच्या सात पिढ्या तिनं काढल्या. पांग ते सगळं मान खाली घालून ऐकायचा आणि "हं" म्हणायचा.

पोतं नंतर काढू, असं त्यानं ठरवलं होतं. पण आमच्याकडचा हिवाळा काय कुणाला विचारून येतो? एका रात्रीत चिखल गोठून लोखंड झाला. आता पहारीशिवाय ती वीट हलायची नाही, आणि पहारीचा आवाज अख्ख्या गावाला जायचा. शिवाय वहिनीची खिडकी बरोबर त्या भोकासमोर. म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात!

पोत्यानं आपला गुण दाखवायला सुरुवात केली. आधी चुलीचा घुमणारा आवाज बंद झाला. चांगलं धुराडं कसं आग आत ओढून घेतं, ते थांबलं. मग पाण्याला उकळी यायला दुप्पट धाटं लागायला लागली. मग कांगचं चुलीकडचं टोक तापायचं आणि दुसरं टोक मढ्यासारखं गार राहायचं. शेवटी चुलीच्या तोंडातनंच धूर बाहेर यायला लागला आणि पांगचे डोळे जे लाल झाले ते झालेच.

गावाला दिसत होतं ना सगळं! टोफूवाला जिआ सकाळी दारावर यायचा, तो नाकाला रुमाल लावून म्हणायचा, "आजोबा, टोफू देऊ, की इथंच टांगून ठेवू? घटकेत खरपूस होईल."

"मला धूर आवडतो," पांग खोकत खोकत म्हणायचा. "धुरानं हाडं मजबूत होतात."

"आणि तुमचा चुलीवरचा देव? त्याला वर जायचंय आता. तुंबलेल्या धुराड्यातनं तो कसा जायचा?"

हे ऐकल्यावर पांगच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. प्रत्येक घरात चुलीच्या वर चुलीच्या देवाचं चित्र असतं. तो वर्षभर बघतो, कोण काय शिजवतं आणि कोण काय खातं. वर्ष संपता संपता, छोट्या नववर्षाच्या संध्याकाळी, ते चित्र जाळायचं, की देव धुरावर बसून वर जातो आणि थेट स्वर्गाच्या राजाच्या कानात सगळं सांगतो. म्हणून तर लोक आदल्या दिवशी चिकट साखरेच्या वड्या आणून त्याच्या ओठांना फासतात. आता दाबायचा एकमेव साक्षीदार कोण? तर हाच देव! कढईच्या बरोबर वर बसून त्यानं सगळं बघितलेलं. पांगला वाटलं, धुराडं तुंबलंय ते बरंच आहे. देव अडकला तर बातमीही अडकली.

वहिनी मात्र ऐकेना. रोज कुंपणाशी यायची. "भाऊजी, धूर खाली पडतोय तुमचा."

"हवाच तशी आहे."

"माझा बरा सरळ जातो त्याच हवेत?"

"तुमची हवा वेगळी."

"पहार घेऊन येऊ मी?"

"हात लावायचा नाही माझ्या धुराड्याला!" पांग असा काही ओरडला की वहिनी आल्या पावली परत गेली. त्यानंतर काही संध्याकाळी तो तिच्याकडे गेलाही नाही. जायचं कोणत्या तोंडानं? आपल्याच थंड ओट्यावर गोधडीत बसून राहायचा आणि पलीकडच्या करंज्यांचा वास घ्यायचा. वाईट वाटायचं हो त्याला, खूप वाईट वाटायचं. पण सांगायचं काय? 'वहिनी, तुमचं लेकरू मी बटाट्यात घातलं'?

छोट्या नववर्षाची सकाळ उजाडली. पांगनं साखरेच्या वड्या आणून ताटलीत मांडल्या होत्या, पण त्याचा त्या वड्यांवर भरवसा नव्हता. तो चित्राकडे बघायचा, चित्र त्याच्याकडे बघायचं. शेवटी त्यानं ठरवलं, चूलच पेटवायची नाही. ना धूर, ना देवाचा प्रवास. मेंढीच्या कातड्याचा कोट, त्यावर दोन गोधड्या, कानांवर टोपी, असा तो कांगवर जाऊन बसला आणि ऊब आल्यावर त्याला डुलकी लागली.

तिकडं वहिनी अंगणात उभी होती. सणाची सकाळ, गावातलं प्रत्येक धुराडं धडधडतंय आणि पांगच्या धुराड्यातून काही नाही. एक रेघसुद्धा नाही. आदल्या संध्याकाळी तिनं त्याचा धूर उलटा फिरताना डोळ्यांनी बघितलेला. तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

पांगला जाग आली ती दार मोडल्याच्या आवाजानं. डोळे उघडतो तर समोर वहिनी, एका पायात जोडा, हातात पहार, तोंडावर अश्रू.

"मेल्या!" ती किंचाळली. "जिवंत आहेस तू!"

"हो," पांग म्हणाला. या बाबतीत वाद घालण्यासारखं त्याला काही सुचेना.

"मला वाटलं, गेलास! मला वाटलं, आता हाही गेला! नवरा गेला, तूही चाललास, मग मी काय त्या भिंतीशी बोलू?" ती रडत रडत ओरडत होती, ओरडत ओरडत रडत होती. मग अचानक तिनं डोळे पुसले आणि पहार खांद्यावर टाकली. "बस झालं. आज मी ते धुराडं उघडणार म्हणजे उघडणार."

"वहिनी, नको! ऐका माझं! देव आहे त्यात!"

"असू दे, त्यालाही बाहेर काढते."

पांग गोधड्यांसकट तिच्या मागं धावला. पण बाईच्या अंगात वारं शिरलं होतं. तिसऱ्या घावाला वीट फुटली, चौथ्या घावाला पोत्याचं टोक दिसलं. तिनं दोन्ही हातांनी ते ओढलं आणि टर्रकन फाडलं. वाऱ्याबरोबर पिसं उडाली. अंगणभर, कुंपणावर, वहिनीच्या डोक्यावर, पांगच्या टोपीवर.

आभाळ स्वच्छ निळं होतं. पांगनं वर बघितलं आणि म्हणाला, "बर्फ पडायला लागलं वाटतं."

"काळं बर्फ?" वहिनी म्हणाली.

पांगनं खाली बघितलं. पायाशी काजळीनं माखलेली हाडं पडली होती. आणि मग त्या म्हाताऱ्या जिवाच्या तोंडून ते शब्द निघाले, जे खेचरांनीसुद्धा कधी ऐकले नव्हते. "वहिनी, माझं चुकलं. तुमचा दाबाय मीच मारला. लाकूड फेकलं, नेमकं लागलं."

"ठाऊक आहे मला."

"आँ?"

"अहो, गावातल्या धुराचा वास घेत मी म्हातारी झाले, आणि माझ्या लेकराचा वास मला ओळखू येणार नाही? त्याच दिवशी कळलं मला. तो कोल्हा कोण, हेही ठाऊक होतं. उगाच काय त्याच्या सात पिढ्या काढत होते मी?"

"मग बोलला का नाहीत?"

"मी विचारलं नव्हतं, 'नुसतेच'?" वहिनीचा आवाज पुन्हा भरून आला. "तेव्हा तुम्ही म्हणायचं, 'या वहिनी, बसा, चुकून मेला, घासभर खा.' मी रडले असते, तुम्हाला चार शिव्या दिल्या असत्या आणि जेवले असते. माझाच हंस, आणि एकट्यानं खाल्लात! मी तुम्हाला सोडून एकटीनं कधी करंजी तरी खाल्ली का?"

पांग घरात गेला आणि साखरेच्या वड्यांची ताटली घेऊन आला.

"हे देवाचं आहे ना?" वहिनी म्हणाली.

"देवाला काय सांगायचं ते सांगू दे. आधी तुम्ही घ्या. गावात नका सांगू, तो जिआ मला जगू द्यायचा नाही."

वहिनीनं नाक पुसलं, ताटलीकडे बघितलं आणि दोन सगळ्यांत मोठ्या वड्या एकदमच तोंडात कोंबल्या. जबडे असे काही चिकटले, की हूं का चूं करता येईना.

दुपारी दोघांनी मिळून धुराडं साफ केलं. दिवेलागणीला देवाचं चित्र जाळलं, तेव्हा धूर सुतासारखा सरळ वर गेला. मग पांग पलीकडे जाऊन गरम कांगवर बसला. वहिनीच्या तोंडातल्या वड्या अजून काही विरघळल्या नव्हत्या. मग त्या संध्याकाळी सगळं बोलला तो पांग, खेचरांपासून दाबायपर्यंत सगळं, आणि वहिनी करंज्या वळत मधूनमधून "हं" म्हणत राहिली.