दोन अंगठ्यांमधला कापूस

मोंबासाच्या नोकरीचं पत्र खिशात घालून मी खामगावच्या कापूसबाजारात त्या म्हाताऱ्याला गाठलं. तो दहा वर्षं तिथंच, आफ्रिकेत राहून आलेला. गाडीत कोपरापर्यंत हात घालून तळचा कापूस काढायचा आणि दोन्ही अंगठ्यांत धरून, हळूच ओढून पारखायचा.

"जाऊ का, बाबा?"

"तिथं पगार चांगला, पन गोऱ्यांच्या बाकड्यावर बसू देत नाई. इथं कुठंबी बसा, पन धूळ खा. तिथं होतो तवा मले खामगाव बरं वाटे. इथं आलो, त मोंबासा!"

आणि स्वतःच खळखळून हसला.

मी गेलो. काल इथं मोंबासाच्या गोदामात युगांडाचा कापूस अंगठ्यांत धरून ओढला. धागा लांब निघाला, मऊही होता.

तरी तोंडातून निघालंच, "आपला खामगावचा बरा."