वीस वेळा भरलेली पुंगळी

ती खबर आजही आठवते, आणि आठवली की मला आधी शिंक येते, मग हसू.

मी तेव्हा निपाणी भागातल्या एका ठाण्यात पीएसआय होतो. वार्षिक गोळीबार सराव नुकताच झाला होता. सरावात झाडलेल्या प्रत्येक गोळीची रिकामी पितळी पुंगळी शस्त्रागारात परत करावी लागते. आमच्या चोवीस कमी निघाल्या. जबाबदारी होती आमच्या हवालदारांची. छत्तीस वर्षांच्या नोकरीत एक डाग नाही आणि निवृत्तीला दीड महिना उरलेला. खात्याची चौकशी लागली तर निरोपाच्या हाराऐवजी नोटीस हातात पडणार होती. माणूस जेवणाचा डबा न उघडताच घरी परत नेऊ लागला.

अशात खबऱ्या आला. "साहेब, तंबाखूच्या वखारीत एक म्हातारा हाय. रायफलीच्या पुंगळ्या भरून लोकास्नी देतोय. एकेक पुंगळी वीस-वीसदा भरतोय म्हणं."

रानडुकरं मारायला घरीच काडतुसं भरणारे महाभाग मी पाहिले होते. बेळगावच्या शस्त्रागारात हत्यारं सांभाळणाऱ्या आर्मररला फोन लावून विचारलं, पुंगळी वीसदा भरता येते का? तो म्हणाला, "प्रत्येक बाराला पितळ ताणतं, साहेब. चार-पाचदा भरली की पुंगळीच्या मानेला चीर पडाय लागती. घरच्या कामाचा तर दुसऱ्यांदाबी भरवसा न्हाय. वीसदा भरणाऱ्याचा हात जाग्यावर असंल, तर मला बघायला बोलवा."

भर दुपारी दोन शिपाई पाठवून म्हाताऱ्याला ठाण्यात आणलं. हवालदार समोर उभे होते, तोंड उतरलेलं.

"आप्पा, पुंगळ्या तुम्ही भरता?"

"व्हय."

मी चमकलो. सराईत माणूस आधी 'कसल्या पुंगळ्या?' असं विचारतो.

"एकेक किती वेळा भरली?"

"कोण मोजतंय, साहेब? सपली की भरतो. वीसदा तरी झालं असंल."

आर्मररचं बोलणं आठवून मी आप्पांचे हात पाहिले. दहाही बोटं शाबूत. भुवयाही जागच्या जागी. आणि मग मला तो प्रश्न सुचला, जो खबऱ्याला विचारायचा राहून गेला होता.

"आप्पा, त्यात भरता काय?"

"तपकीर. दुसरं काय भरणार?"

त्यांनी बंडीच्या खिशातून पुंगळी काढली, बूच उपसलं, तळहातावर टिचकी मारली आणि हात हवालदारांपुढे धरला. "घ्या की, अण्णा." हवालदारांनी सवयीने चिमूट घेतली आणि असे शिंकले की टेबलावरचे कागद उडाले.

उलगडा साधा होता. सरावानंतर आप्पा त्या मैदानावर गवत कापायला गेले होते. "गवतात पडलत्या. टाकून दिल्यात वाटलं. डबी खिशात सांडती बघा, खरं ह्यातनं बरोबर एक चिमूट येती." वखारीतल्या सोबत्यांनाही त्यांनी वाटल्या होत्या. संध्याकाळपर्यंत चोवीसच्या चोवीस जमा झाल्या. हवालदारांनी त्या नळावर स्वतः धुतल्या, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच डबा उघडून पोटभर जेवले. आप्पांना मी समज दिली, खरा अहवाल लिहिला आणि माल बेळगावला पाठवला. आर्मररचा फोन आला, "साहेब, ह्यास्नी वास येतोय."

"कसला?"

"निपाणीचा."

माझी इतक्या वर्षांची नोकरी, पण 'भरतो' म्हटल्यावर काय भरतो हे विचारायला मी चुकलो होतो. पुढे मी प्रत्येक खबरीला तो प्रश्न आधी विचारला, आणि त्याने बऱ्याच निरपराध माणसांना ठाण्याची पायरी चढावी लागली नाही.

हवालदारांचा निरोप समारंभ ठरल्या दिवशी झाला. आप्पा तपकिरीची नवीकोरी डबी भेट म्हणून घेऊन आले. हार गळ्यात पडला तसे हवालदारांचे डोळे वाहू लागले. "तपकीर लई कडक हाय," असं म्हणत त्यांनी डोळे पुसले.

डबी अजून आप्पांच्या हातातच होती, आणि तिचं झाकण बंद होतं.