समुद्राकडे कललेली रेघ

थोरल्या बहिणीने मालवणात पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आणि वेबसाइटचा मान मला दिला. कोल्हापूरचं एक कुटुंब फोटो बघून मगच यायचं ठरवणार होतं. मी ऐटीत स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामने विंडोजच्या लॅपटॉपवरून फोटोंचा 'घर' फोल्डर लिनक्सच्या सर्व्हरवर पाठवला. तिथे ना घर, ना खोली! नुसत्या 'घर\खोली\खाट' असल्या लांबलचक नावांच्या फायली.

"मेल्या, माजी खोली खंय गेली?" बहीण कडाडली.

"अगो, नावांमधली रेघ चुकली. माझ्या लॅपटॉपची रेघ डावीकडे कलता, सर्व्हराक उजवीकडे कललेली व्हयी. तेका ही घरातसून खोलीत जावची वाट वाटलीच नाय, सगळा मिळून एकच नाव वाटला."

तिने मान तिरकी करून स्क्रीन न्याहाळला. नकाशात आमचा समुद्र डावीकडेच असतो, घाट उजवीकडे.

"म्हणजे तुजो माड समुद्राकडे कललो, आणि तेका घाटाकडे व्हयो?"

मी हसत हसत प्रोग्राममधले सगळे माड घाटाकडे वळवले आणि फोल्डर पुन्हा पाठवला. खाट, खिडकी, न्हाणीघर, सगळं जागच्या जागी उगवलं. संध्याकाळी कोल्हापूरहून फोन आला, "येतोय आम्ही!"

"येतलेच!" बहीण म्हणाली. "घाटावरच्या पाव्हण्यांका माड घाटाकडेच कललेलो व्हयो."