‘भजन तीन’मधली शिंक

रविवारी सकाळी पुरुषोत्तमनं माळ्यावरून टेप डेक खाली काढला, तेव्हा निवेदिता देवघरात फुलं वाहत होती. "अहो, काय पडलं?" तिनं आतूनच विचारलं. उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही. विचारून विचारून तिनं ते कधीच सोडून दिलं होतं.

पुरुषोत्तम एक्कावन्न वर्षांचा. यशवंतपूरच्या रुळांपलीकडे पंप बनवणारा कारखाना आहे, तिथं देखभालीचा सुपरवायझर. घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या घोडदळाबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात बोलायचं मराठी, पण भाजी घ्यायची कन्नडमध्ये आणि भांडायचं दोन्हीत. कारखान्यात त्याचा कान नावाजलेला. यंत्र कुरकुरायला लागलं की तो खिशातला लांब स्क्रूड्रायव्हर काढायचा, टोक बेअरिंगवर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मग सांगायचा, "डावीकडची. चार दिवस काढेल. शुक्रवारी बदला." शुक्रवारी उघडलं की तीच झिजलेली. पोरं म्हणत, सायबांच्या कानात देव बसलाय.

अशा माणसाला कानाच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वी सांगितलं की कानातलं एक इवलंसं हाड ताठ होत चाललंय. ऑपरेशन करा, नाहीतर मशीन लावा. ते आणखीही काही सांगत होते, हाडातून जाणारा आवाज आणि हवेतून जाणारा आवाज असं काहीतरी. पुरुषोत्तमनं अर्धं ऐकलं आणि उरलेल्याला "सरी, सरी" म्हणून घरी आला. माझा कान बिघडला असता तर बेअरिंग कशी ऐकू आली असती? झालं, विषय संपला.

हे कन्नड "सरी", म्हणजे ‘बरं’, त्याच्या फार कामाला यायचं. समोरच्याचे ओठ थांबले की हसायचं, मान डोलवायची, "सरी" म्हणायचं. दहातल्या नऊ वेळा भागायचं.

दहाव्या वेळी मात्र दसरा होता. आयुधपूजा. तो खाली स्कूटरला झेंडूची माळ बांधत होता, कोहळ्यात कुंकू भरून ठेवलं होतं. त्याची मुलगी शमिका जवळ येऊन उभी राहिली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला, राहायला तिकडेच. खाली मान घालून, माळेच्या दोऱ्याशी चाळा करत ती बराच वेळ काहीतरी बोलली. तो म्हणाला, "सरी, सरी." तिचा चेहरा असा उजळला की त्यालाही बरं वाटलं. मग त्यानं विचारलं, "गीझरवाला येऊन गेला का गं?"

तो चेहरा मावळताना त्यानं पाहिला. तेवढं त्याला दिसलं.

तेव्हापासून तिचे फोन आईलाच यायचे. निवेदिता गॅलरीत जाऊन बोलायची, हसायची, मधेच डोळे पुसायची. आपण कशाला हो म्हणून बसलोय हे त्याला कळत नव्हतं आणि विचारायचं तर आधी कबूल करायला हवं होतं की त्या दिवशी एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. असे दोन महिने गेले.

शनिवारी शमिका आली ती ठरवूनच आलेली. जेवणं झाल्यावर त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि मोठ्यानं, शब्द सुटा सुटा करत म्हणाली, "अण्णा, पैज लावायची का? तुमची जुनी कॅसेट लावू. काय काय वाजतंय ते तुम्ही सांगायचं. सगळं बरोबर आलं तर डॉक्टरांचं नाव काढणार नाही मी. नाही आलं तर मुकाट्यानं चलायचं."

"कुठली कॅसेट?"

"भजन तीन."

पुरुषोत्तम गालातल्या गालात हसला. पोरगी वेडी आहे, त्याला वाटलं. जो धडा तोंडपाठ, त्याच धड्याची परीक्षा घेतेय.

‘भजन तीन’मध्ये भजन नव्हतं. पंच्याण्णव साली सिएटलच्या पोरांचं ते ग्रंज संगीत या गावातल्या कॉलेजांत वाऱ्यासारखं पसरलं होतं. फाटके स्वेटर, विस्कटलेले केस, आणि गिटार अशी, की पत्र्याच्या शेडवर कुणी खडी ओततंय. पुरुषोत्तमचा दोस्त मल्लाप्पा याचा चुलतभाऊ ब्रिगेड रोडवरून खऱ्या कॅसेटी आणायचा आणि एका दिवसासाठी द्यायचा. दोन कॅसेटींचा डेक कुणाकडे होता? मग पुरुषोत्तमच्या घरी दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर तोंड करून ठेवायचे, खिडक्या लावायच्या, दाराच्या फटीत गोधडी कोंबायची. एकानं वाजवायचं, दुसऱ्यानं भरून घ्यायचं. पाऊण तास कुणी खोकायचंसुद्धा नाही. अशा पाच अल्बमच्या पाच कॅसेटी झाल्या. पुरुषोत्तमच्या आईला कळू नये म्हणून मल्लाप्पानं सुवाच्य अक्षरात लिहिलं, भजन एक, भजन दोन, भजन तीन.

लग्न होऊन आल्यावर निवेदितानं एका पहाटे पूजेच्या वेळी भाबडेपणानं ‘भजन तीन’ लावलं होतं. सगळं घर अंथरुणात उठून बसलं. ती मात्र उदबत्ती ओवाळत शांतपणे म्हणाली, "एवढं ओरडून बोलावलं तर देव काय, शेजारचेपण धावून येतील."

आणि त्याच कॅसेटमध्ये ती शिंक होती. तिसऱ्या गाण्यात सगळी वाद्यं थांबतात, एकटी गिटार हळूहळू ठिबकत राहते, तिथं गोधडीच्या धुळीनं मल्लाप्पानं सणसणीत शिंक दिली होती. शमिका लहान असताना त्या शिंकेची वाट बघत बसायची. पुढं कॉलेजात तिनं तेच गाणं दुसरीकडे ऐकलं, तर घरी येऊन म्हणाली, "अण्णा, त्यांच्याकडे शिंकच नाही. अपुरं वाटतं हो."

तर रविवारी अकराच्या सुमारास परीक्षा सुरू झाली. मार्गशीर्षातली ऊबदार उन्हं, पंख्याची गरज नाही. निवेदिता परातीत भिजवलेल्या अवरेकाळूची सालं काढत बसली. वालासारखे हिरवे दाणे तिच्या चिमटीतून सुळकन निसटून परातीत पडत होते. डेकचा रबरी पट्टा पुरुषोत्तमनं स्वतः बदलला होता. लाल दिवा लागला, चाकं फिरू लागली, त्यानं डोळे मिटले.

"आधी काठ्या. टक, टक, टक, टक," तो म्हणाला. "आता दोन गिटारी. एक खालची, दुसरी तिच्यावर पाय देऊन चढतेय."

"बरोबर," शमिकाचा आवाज लांबून आला.

मग त्यानं सोडूनच दिलं स्वतःला. त्या गिटारी आल्या आणि त्यांच्याबरोबर यशवंतपूरचं यार्ड आलं, मालगाडीचे डबे एकमेकांना धडकत जुळताना येणारा तो लांबलचक धडधडाट, सकाळचं धुकं, धुक्यात कंदील घेऊन चाललेला कुणीतरी. वडिलांचा चौकड्यांचा शर्ट घालून तो गच्चीवर उभा होता. बाह्या हाताच्या खाली लोंबत होत्या आणि तीच तर फॅशन होती. खाली रस्त्यावर गुलाबी फुलांचा सडा. मल्लाप्पा सायकल चालवत, हात सोडून, फुलांवरून येत होता. गाणारा पोरगा घसा फाडून विचारत होता, काय ते तेव्हाही नीट कळलं नव्हतं. पण विसाव्या वर्षी माणसाला जे जे विचारायचं असतं ते सगळं त्यात होतं. दुसरं गाणं संपलं. तिसरं लागलं. ढोल खोल गेला, विहिरीत दगड टाकावा तसा. वर्तुळं काठाला लागली, परत आली. मग एकेक वाद्य उठून गेलं, आणि ती एकटी गिटार उरली. ठिबक. ठिबक. गाभाऱ्यात अभिषेकपात्राचं पाणी पिंडीवर पडतं ना, तशी. पुरुषोत्तमचं बोट गुडघ्यावर तिच्याबरोबर पडत होतं.

"आता बघ हं," तो हसत म्हणाला. "आली... आली... ही शिंक! ऐकलीस? काय खणखणीत!"

कुणी हसलं नाही.

त्यानं डोळे उघडले. निवेदिताचा हात परातीत तसाच थांबलेला. शमिकानं तोंडावर हात धरलेला. त्याची नजर डेककडे गेली. लाल दिवा विझला होता. चाकं उभी होती.

"करंट गेला," शमिका म्हणाली. तिचे ओठ त्याला वाचता आले. "दुसऱ्या गाण्यातच गेला, अण्णा."

"कधी?"

तिनं पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं.

पुरुषोत्तम उगाच हसला. मग हसू गेलं. जपमाळ खाली ठेवली तरी आत जप चालूच राहतो, तसं काहीतरी झालं असावं. देवाच्या बाबतीत ते भाग्याचं म्हणतात. पण मग कारखान्याबाहेर गेल्या काही वर्षांत आपण काय काय असंच ऐकलं? कुणाकुणाच्या बोलण्यात आपण आपल्याच मनातलं ऐकत बसलो? त्याला झेंडूचा दोरा आठवला.

निवेदिता उठली, पदराला हात पुसले आणि त्याच्या खांद्यावर एकदा थोपटून स्वयंपाकघरात गेली. जाताना शमिकाला म्हणाली, "स्वल्प थांब. लगेच काही बोलू नकोस."

थोड्या वेळानं लाल दिवा पुन्हा लागला. पुरुषोत्तम उठला. कामाची पिशवी खुंटीला होती, तिच्यातून त्यानं लांब स्क्रूड्रायव्हर काढला. शमिका बघत राहिली. तो स्पीकरपाशी जमिनीवर बसला, टोक लाकडी खोक्यावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला दाबून धरली आणि म्हणाला, "तिसरं गाणं. पहिल्यापासून."

तिनं कॅसेट मागं नेऊन लावली.

आवाज आला तो आठवणीतल्यासारखा गुळगुळीत नव्हता. खरखर होती, सुरांत एक बारीक डळमळ होती, आणि गाणं त्याला वाटत होतं त्यापेक्षा जरा संथ होतं. पण तो बाहेरून येत होता. मुठीतून, हाडातून, सरळ आत. वाद्यं एकेक करून उठून गेली. ठिबक. ठिबक. शिंक.

आणि शिंकेच्या मागोमाग, गोधडीपलीकडून, देवघरातून, अगदी हळू: "शतंजीव!"

स्क्रूड्रायव्हरचं टोक खोक्यावरून घसरलं. त्याच्या आईचा आवाज. ती पूजेला बसली असणार. कुणाचंही पोर शिंकलं तरी तिच्या तोंडून ते निघायचंच. आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"हे... हे यात होतं?"

"आजी?" शमिका त्याच्याजवळ सरकली. "पहिल्यापासून आहे की, अण्णा. मी शिंकेसाठी थोडीच थांबायची? शिंकेनंतर आजी बोलते म्हणून थांबायची. तुम्हाला माहीतच असेल असं वाटायचं मला."

त्यातलं त्याला निम्मंच कळलं. इतर दिवशी त्यानं मान डोलवली असती. जिभेवर तो शब्द आलाही होता, सवयीनं.

त्यानं डेक बंद केला. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. भिंतीला टेकून बसला आणि उजवा कान तिच्याकडे केला. त्या बाजूनं जरा बरं यायचं.

"शमी," तो म्हणाला, "पैज हरलो मी. डॉक्टरांची वेळ घे, या आठवड्यातच. पण त्याआधी दसऱ्याला माळ बांधताना तू काय सांगितलंस ते परत सांग. मला नव्हतं ऐकू आलं."

शमिकानं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. निवेदिता तिथं उभी होती, हातातला झारा तसाच. तिनं मान हलवली, सांग.

शमिका बोलायला लागली. पुन्हा तशीच खाली मान घालून, फरशीवर बोटानं रेघा ओढत. ध्रुव असं काहीतरी नाव आलं. नागपूर आलं. मग आवाज विरत गेला.

"काय?" पुरुषोत्तम म्हणाला.

ती थांबली. कितीतरी वर्षांत त्याच्या तोंडून हा प्रश्न घरात कुणी ऐकला नव्हता.

"काय म्हणालीस? वर बघून सांग, आणि जरा मोठ्यानं."

शमिकानं मान वर केली, डोळे पुसले, आणि नावापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.