माझ्याकडे पाठ करून उभा राहिलेला

हे कुणी वाचलंच तर चुका आणि वेडंवाकडं अक्षर पोटात घाला, मी चौथीच शिकले. आज गुडघ्याला बाम चोळला आणि त्या वासानं सिंगापुरात, क्लेमेंटीतल्या लेकीच्या घरी येणारा अमेरिकन मुलगा आठवला. जावयाचा विद्यार्थी, दारातून वाकून यायचा, दुखऱ्या घोट्याला असाच बाम लावायचा. त्यांच्या फुटबॉलात चेंडू हातानं फेकतात. फेकणाऱ्यावर धावून येणाऱ्यांना अडवणं हे त्याचं काम. घोटा दुखावल्यावर याचे पाय पहिल्यासारखे चालतील का, अशी तिकडच्या मोठ्या संघांना शंका होती. त्यांना दाखवायला जावई ब्लॉकखाली, इमारतीच्या मोकळ्या जागेत व्हिडिओ काढत होते. "आई, तुम्ही चेंडू धरून त्याच्यामागे उभ्या राहा." मी लाजले. लेक हसली, "अगं, तुला हलायचंसुद्धा नाही!" दोन धिप्पाड पोरं माझ्या दिशेनं धावली. तो एवढा डोंगर, पण मागे सरकताना पावलांचा आवाज नाही. डावीकडून, उजवीकडून, कुणी माझ्यापर्यंत पोचलंच नाही. माझ्यासाठी असं कुणी कधी उभं राहिलं नव्हतं. परतीच्या तिकिटाचे पैसे त्यानं जावयाकडून उसने घेतले, निवड झाली तरच फेडता येतील म्हणाला. मी गावी आल्यावर एके दिवशी जावयाचा फोन आला, "आई, त्याचे पैसे आले, अगदी सगळे!"